शुक्रवारचा समाचार

"अहो, फोन चार्ज केलाय ना? शुक्रवार आहे आज," नंदिनी स्वयंपाकघरातून म्हणाली.

"केलाय. उशाशीच आहे."

मणका सरकल्यापासून शरदचंद्र जर्मनीतल्या त्सुफेनहाउझेनच्या त्या फ्लॅटमध्ये आडवे पडून होते. डावा पाय बधिर, चिमटा काढला तरी कळायचं नाही. पण दर शुक्रवारी केसलरसाहेबाचा फोन यायचा. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या कारखान्याचा हा मालक. शरदचंद्र कित्येक वर्षं त्याच्याकडे डिझाइनला होते. "झोप लागते का? पाय कसा आहे? कधी येताय?" सख्ख्या भावाने केली नसती एवढी चौकशी! आणि सख्ख्या भावाने खरोखरच केली नव्हती. प्रत्यक्ष येणं जमत नाही, म्हणून बिचारा फोनवरून समाचार घेतो, असं या नवराबायकोने ठरवून टाकलं होतं. अशा माणसाची जाण ठेवायला नको? नंदिनीने बेसनाचे लाडू वळून डबा भरून ठेवला होता. कामावर रुजू होताना न्यायचा.

दुपार टळली. फोन गप्प. मागच्या शुक्रवारीही गप्पच होता. तेव्हा 'उर्लाउबवर गेला असेल' म्हणून दोघांनी सुट्टीवर भागवलं होतं.

शेवटी शरदचंद्रांनीच नंबर लावला.

"काही अडचण आहे का?" केसलरने विचारलं.

"नाही, सहज. तुमचा फोन आला नाही, म्हणून..."

केसलर मोकळेपणाने हसला. "अहो, सहा आठवडे झाले की! तोवर तुमचा पगार माझ्या खिशातून जात होता, म्हणून विचारावं लागायचं. आता क्रांकनकासे, म्हणजे आजारपणाच्या विम्याची संस्था, पैसे देतेय. काही घाई नाही. सावकाश बरे व्हा."

त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. शरदचंद्रांना वाईट वाटायला हवं होतं. पण पायासारखंच आतही काही कळेना.

"काय म्हणाले?" नंदिनी दारात उभी होती.

"म्हणाले, घाई करू नका. सावकाश बरे व्हा."

"बघा! देवमाणूस आहे अगदी." तिचा चेहरा उजळला. "पण मग लाडवांचं काय? तोवर खवट व्हायचे."

"आण इकडे डबा."

तिने डबा पुढे केला. त्यांनी एक लाडू फोडून तोंडात टाकला.

"कसा झालाय?"

"छान झालाय," ते म्हणाले, आणि उशाजवळचा फोन तिच्या हातात दिला. "हा बाहेरच ठेव आता."