पोळं आठवणारा मध

शेतकरी बाजार सुरू होऊन तिसराच रविवार, आणि सगळी गर्दी एकाच टेबलापुढे. भाजीवाले टोपल्या उघड्या टाकून तिकडे धावत होते. टेबलामागे पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला मधुबाबा उभा होता. त्याने पांढऱ्या थाळीत चमचाभर मध ओतला, वर गार पाणी घातलं, डोळे मिटून ओठ हलवले आणि थाळी हलकेच गोल फिरवली. तळाशी षटकोनी घरं उमटली, थेट मधमाश्यांच्या पोळ्यासारखी.

"पोळं सुटलं, माशी सुटली, तरी मधाला घर आठवतं," बाबा म्हणाला. "आठवतं तो खरा. असा मध रक्तातली साखर वाढवत नाही, खाऊन टाकतो. आणि बाटलीत गोठतो तो मध नव्हे, साखरेचा पाक."

शेवटचं वाक्य त्याने आमच्या टेबलाकडे बघत टाकलं. आमच्या म्हणजे ताईच्या. तिच्या तीस मधपेट्या आहेत, हाताला डंखांची सवय आहे. थंडीमुळे तिच्या बाटल्यांत तळाशी मध गोठून त्याने रवा धरला होता, म्हणून तिच्याकडे माशीसुद्धा फिरकत नव्हती. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते असं.

पण माझा जीव विक्रीपायी खालीवर होत नव्हता. गर्दीत सर्वांत पुढे आमचे वडील होते. अप्पांना पंधरा वर्षांचा मधुमेह. पहिल्या रविवारपासून त्यांनी गोळ्या बंद केल्या होत्या आणि बाबाचा मध सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे चालला होता. उजव्या पायाच्या बोटाची जखम भरायचं नाव घेत नव्हती, आता कडेने काळी पडू लागली होती. मी औषधांच्या दुकानात काम करते. गावाला गोळ्या समजावून सांगते, आणि घरात माझं कुणी ऐकत नाही.

"तुझ्या गोळ्यांना काय आठवतं?" अप्पा मला म्हणाले. ताईला तर त्यांनी पोटच्या मुलीला बोलू नये ते बोलून घेतलं. भेसळ करतेस, लोकांत मान खाली घालायला लावलीस. घरी जाऊन ताईने सगळ्या बाटल्या कोमट पाण्यात ठेवल्या, रवा विरघळवला. खऱ्या मधाला खोट्यासारखं दिसायला लावत होती बिचारी. मला तिचाही राग आला.

तो आठवडा मी नुसती येरझाऱ्या घालत काढला. दुकानात चिठ्ठी वाचता वाचता ते बोट डोळ्यांपुढे यायचं. शनिवारी सकाळी ताईकडे गेले, तर तिथेही बसवेना, म्हणून मोरीतली भांडी घासायला घेतली. फुलं नसतात तेव्हा मधमाश्या उपाशी राहू नयेत म्हणून ताई त्यांना साखरेचा दाट पाक देते. त्या पाकाच्या थाळीच्या तळाशी थोडा उरला होता. मी पाणी घातलं आणि घाईघाईत थाळी फिरवली.

तळाशी पोळं उमटलं.

मी तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा तेच. साखरेला कुठलं पोळं आठवणार? ती तर कालच वाण्याकडून आली होती.

मग मी थोडी साखर करपवून पाकाला मधाचा रंग आणला आणि तो अप्पांनी रिकाम्या केलेल्या बाबाच्याच बाटलीत भरला. रविवारी गर्दी जमल्यावर बाटली पुढे केली. म्हटलं, बाबा, आमच्या घरच्या मधाची आठवण शाबूत आहे का, एवढं बघा. आपलंच लेबल पाहून बाबा खूश झाला. थाळी, पाणी, मंत्र. घरं उमटली, लोकांनी हात जोडले. बाबा म्हणाला, शंभर टक्के शुद्ध.

"हा माझ्या बहिणीच्या माश्यांचा खुराक आहे," मी म्हटलं. "साखर आणि पाणी. काल चुलीवर केला."

गर्दी माझ्याकडे वळली. बाबा मात्र मुरलेला. "बघा लोकहो, माझा हात लागला आणि पाकाचा मध झाला." आणि खोटं कशाला सांगू, निम्म्या माना डोलल्या.

तेवढ्यात अप्पा लंगडत पुढे आले. त्यांनी दुसरी थाळी ओढली, उरलेला पाक ओतला, पाणी घातलं. मंत्र त्यांना येत नव्हता. थाळी फिरवली आणि वाकून बघत राहिले. घरं उमटली होती.

"माझ्या हातात कुठली आलीय सिद्धी?" ते हळूच म्हणाले. "मला चपलेत पाय घालता येत नाही."

मग थाळी हातोहात फिरली. भाजीवालीने फिरवली, तिच्या नातीने फिरवली, पोळं प्रत्येकीला दिसलं. या गोंधळात बाबाने टेबल कधी आवरलं, कळलंही नाही.

यात आठवण नाही की चमत्कार नाही. तळाशी दाट पाकाचा थर, वर पाणी, आणि हलका हेलकावा. कुठल्याही चिकट पाकात अशी घरं उमटतात. थंडीत मध गोठतो तो भेसळीमुळे नव्हे, त्यातलीच साखर रवा धरते म्हणून. आणि खरा असो की खोटा, मध रक्तातली साखर वाढवतोच.

आम्ही तिथूनच अप्पांना दवाखान्यात नेलं. पाय वाचला, बोट गेलं. आठ दिवस आधी आला असतात तर तेही राहिलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. ते आठ दिवस मला अजून झोपू देत नाहीत.

आता दर रविवारी अप्पा ताईच्या टेबलाशी खुर्ची टाकून बसतात. शेजारी रवा धरलेल्या बाटल्या, पुढ्यात थाळी आणि साखरेचा पाक. कुणी मधाची परीक्षा विचारली, तर आधी थाळी त्याच्या हातात देतात आणि म्हणतात, माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः फिरवून बघा. तरीही कुणी बाबाचं नाव काढलंच, तर ते चप्पल काढून पाय पुढे करतात.