देवांची सोय

वसुधानं गुडघे टेकून अठ्ठाविसावी चटई अंथरली आणि कंबर धरून उभी राहिली. चर्चच्या पाळकांनी सांगितलं होतं, साठ माणसं धरून चाला. खारदांड्याच्या किनाऱ्यालगतची घरं संध्याकाळपर्यंत रिकामी व्हायला हवी होती; त्यानंतर वादळ कधीही धडकेल, असं वेधशाळा सकाळपासून सांगत होती. मंडळीतले पुरुष दोर आणि स्ट्रेचर आणायला पाळकांबरोबर अंधेरीला गेले होते. मागच्या पडवीत रत्नप्रभाताई खिचडीचे तांदूळ निवडत होत्या. भोंग्याची रिक्षा कोळीवाड्यातून तीनदा फिरून गेली, तरी दुपारचे तीन वाजेपर्यंत चर्चच्या हॉलमध्ये एकही माणूस फिरकलं नव्हतं.

मग एक म्हातारी आली. गुडघ्यापर्यंत भिजलेलं लुगडं, डोक्यावर प्लास्टिकनं झाकलेली टोपली. ती दारातच थांबली.

"या आजी, आत या. नाव सांगा, लिहून घेते."

"मथुरा. पन मी नाय राहायची. येवडी टोपली ठेव गो बाय."

वसुधानं टोपली घेतली. कपडे असतील, भांडी असतील, म्हणून प्लास्टिक उचललं, तर आत लाल फडक्यावर चांदीचे पाच टाक. झिजून गुळगुळीत झालेले, हळदीकुंकवानं माखलेले.

"आजी, हे तर देव आहेत."

"मंग? तेच ठेवायचेत. खाली नको, उंचावर ठेव."

"आणि तुम्ही?"

"घरी म्हातारा हाय माजा, हालत नाय," म्हणत मथुराबाई पायऱ्या उतरूनही गेली.

वसुधा टोपली घेऊन तशीच उभी. आवाज ऐकून रत्नप्रभाताई बाहेर आल्या. गेली तीस वर्षं वेदीवरची वस्त्रं त्याच धूत होत्या.

"अगं, हे काय घेतलंस?"

"ती देऊन गेली, ताई."

"रविवारच्या शाळेत मुलांना पहिली आज्ञा, दुसरे देव मानू नका, तूच शिकवतेस ना? आणि ते जाऊ दे. उद्या कोणी बोंब मारली, चर्चवाल्यांनी आमचे देव पळवले, मग? आपण इथं चटया घालतोय तेवढ्यावरूनही लोक बोलतात. पाळकांना विचार."

पाळकांचा फोन लागेना. धावत जाऊन टोपली परत द्यावी, तर म्हातारीचं घर माहीत नाही. वसुधानं टोपली बाकावर ठेवली. बाक तिला फारच बुटका वाटला. समोरच वेदी, प्रभुभोजनाचं मेज होतं, चांगलं उंच आणि कोरडं. तिकडे दोन पावलं टाकून ती मागे फिरली. शेवटी तिनं गाण्याच्या पुस्तकांच्या कपाटावरची धूळ ओढणीनं पुसली, टोपली वर चढवली, आणि मग आपण केलं ते बरं की वाईट, हे न कळून खाली बघत राहिली. तिला सगळ्यात जास्त कोडं पडलं होतं ते त्या बाईचं. देवांना सुखरूप जागी पोचवायचं आणि आपण समुद्राच्या तोंडाशी जाऊन बसायचं, हा कुठला हिशेब?

तासाभरानं वाऱ्यानं दार धाडकन उघडलं. काठी टेकत एक उंच, काळा म्हातारा आत आला. त्याच्या मागे मथुराबाई.

"माजे देव कोनी नेले?" म्हातारा गरजला.

मथुराबाईनं थेट वसुधाकडे बोट केलं. "हीच ती! घरात घुसून घेऊन गेली. मी नको नको बोलत व्हते, हरेश्वर, पन आयकते कोन!"

रत्नप्रभाताई पुढे झाल्या. "अहो बाबा, काहीतरीच काय! ही तर..."

तेवढ्यात वसुधाला दिसलं. नवऱ्याच्या पाठीआड मथुराबाईनं दोन्ही हात जोडले होते.

"हो," वसुधा म्हणाली. "मीच आणले."

"वसुधा!" रत्नप्रभाताईंचा आवाज चिरकला.

"कोनाला विचारून?" म्हातारा एक पाऊल पुढे आला.

"कोणालाच नाही विचारलं."

"दे परत."

"वारा पडला की देईन. तोवर नाही." आपला आवाज इतका ठाम कसा निघाला, याचं तिलाच नवल वाटलं.

म्हाताऱ्या हरेश्वरनं मान वर करून कपाटाकडे पाहिलं. वसुधानं टोपली कलती करून दाखवली, तेव्हा त्यानं ओठ हलवत एकेक टाक मोजला. मग काठी भिंतीला लावून तो चटईवर बसला. "यांना टाकून मी हालनार नाय."

"नका हलू," वसुधा म्हणाली.

मथुराबाई त्याच्याशेजारी टेकली. पदरानं तोंड पुसता पुसताच तिची मान कलली, आणि बघता बघता ती घोरायलाही लागली. रत्नप्रभाताई पडवीत निघून गेल्या. वसुधा खिडक्यांच्या कड्या लावू लागली.

"बाय," म्हातारा हळूच म्हणाला. "खोटा बोलते ती."

वसुधाचा हात कडीवरच थांबला.

"पन्नास वर्सं झाली लग्नाला. खोटा बोलताना आवाज चढते तिचा. लगेच समजते."

"मग... तुम्ही आलात कसे?"

हरेश्वरनं खांद्यावरचा टॉवेल काढला, झटकला, आणि मथुराबाईच्या ओल्या पावलांवर नीट पसरला.