पुढची सीट

रेहुलिनाने पेटीतून काढलेला लोकरी स्वेटर आईच्या पाठीला लावून पाहिला, बाही मनगटापर्यंत पोचते का ते ताणून बघितलं आणि तो पलंगावरच्या ढिगात टाकला. दोन दिवसांच्या मुक्कामाला एवढे कपडे म्हणजे अतीच होतं. मेदानच्या उकाड्यात त्या लोकरीकडे नुसतं बघूनच घाम फुटत होता, पण वर डोंगरात बेरास्तागीला संध्याकाळी दात वाजतात, हे तिचं सकाळपासून चार वेळा सांगून झालं होतं. हॉटेल ठरलं होतं. खोलीच्या खिडकीतून थेट सिनाबुंगचा ज्वालामुखी दिसणार होता. रविवारी सकाळी गरम पाण्याच्या कुंडात बसायचं, बाजारातून संत्री घ्यायची, मावशीकडे जेवायचं आणि अंधार पडायच्या आत परत यायचं, असं सगळं तिने कागदावर मांडून ठेवलं होतं.

"माझा गुडघा धरलाय," आई म्हणाली. "तुम्ही दोघं जाऊन या."

"कुंडात बसलीस की सुटेल. त्यासाठीच तर जातोय ना आपण?"

दाराशी तिचा नवरा राकुत उभा होता. सासूबाईंच्या गुडघ्याला काहीही झालेलं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. सकाळीच त्यांना स्टुलावर चढून पपई काढताना त्याने पाहिलं होतं. तो गाडी पुसायला बाहेर गेला.

गाडी जुनीच होती, पण त्यांची होती. दोन महिन्यांपूर्वी घेतलेली. आतापर्यंत डोंगरावर जायचं म्हणजे बसच्या टपावर टोपल्या आणि मांडीवर कुणाचं तरी पोर. आता मावशीच्या दारात आपल्या गाडीतून उतरायचं, एवढीच रेहुलिनाची हौस होती. लग्नाला आठ वर्षं झाली, नवऱ्याकडे तिने फारसं कधी काही मागितलं नव्हतं. म्हणूनच राकुतच्या तोंडून 'नाही' निघत नव्हतं.

महिन्यापूर्वीची गोष्ट. रेहुलिना बाजारात गेली होती आणि राकुत परसात नळाचा पाइप जोडत होता. डोळ्यांपुढे अंधारी आली, पुढचं काही त्याला आठवत नव्हतं. शुद्ध आली तेव्हा तो जमिनीवर आडवा होता, चेहऱ्यावर ऊन लागू नये म्हणून कुणीतरी उघडी छत्री टेकवून ठेवली होती आणि हाताला येईल एवढ्या अंतरावर पाण्याचा पेला होता. सासूबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात त्याच्याकडे पाठ करून बसल्या होत्या.

आमच्या कारो लोकांच्या घरांत सासू आणि जावई एकमेकांशी थेट बोलत नाहीत. शिवायचं नाही, एका चटईवर बसायचं नाही. मध्ये कुणी असेल तर त्याच्यामार्फत बोलायचं आणि कुणी नसेल तर समोर दिसेल त्या वस्तूला सांगायचं. बाहेरच्यांना हसू येतं, आम्हाला येत नाही.

"उखळबाबा," सासूबाई उंबऱ्याजवळच्या उखळाला म्हणाल्या होत्या, "त्यांना सांग, घाई करू नका. पाणी प्या, मग उठा."

राकुत पाणी प्यायला. भिंतीला धरून उभा राहिला. मग त्यानेही त्याच उखळाला सांगितलं, "त्यांना सांग, लिनाला यातलं काही कळायला नको. मला शब्द हवाय."

 सासूबाई उखळाला म्हणाल्या की बरं, नाही कळणार.

त्याच्या बापाचं असंच सुरू झालं होतं. आधी एकदा, मग महिन्याने, मग दर आठवड्याला, आणि दोन वर्षांत माणूस अंथरुणाला खिळला. डॉक्टरच्या तोंडून एकदा त्या आजाराचं नाव निघालं की मग सुटका नाही, अशी राकुतच्या मनाने गाठ मारून ठेवली होती. कामाचं गोदाम दोन गल्ल्या पलीकडे, तिथे तो पायी जायचा. गेल्या आठवड्यात मात्र तो गाडी घेऊन निघाला आणि सिग्नलला मागच्यांनी भोंगे वाजवून रान उठवलं तेव्हा कुठे भानावर आला. दिवा हिरवा कधी झाला, हे त्याला सांगता आलं नसतं. हे उखळालाही माहीत नव्हतं. उन्हामुळे होतं हे सगळं, वर थंड हवा आहे, थंडीत असं काही होत नाही, असं तो स्वतःला पटवत होता. पण सिबोलांगितच्या पुढची घाटातली वळणं आठवली की त्याच्या तळव्यांना घाम सुटायचा.

बुधवारी सासूबाईंनी नवं काढलं. सिनाबुंग पुन्हा धुरायला लागलाय म्हणे, बाजारात बायका बोलत होत्या. रेहुलिनाने फोनवर बघितलं, मावशीला विचारलं. डोंगर गप्प होता, मावशी अंगणात मक्याचे दाणे वाळवत होती. गुरुवारी सासूबाईंना जुन्या पंचांगातला वाईट दिवस सापडला. दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणाऱ्या बाईने पंचांग काढावं, याचं रेहुलिनाला आधी हसू आलं आणि मग राग. त्यात आणखी म्हातारी आठवडाभर दुपारची कुठेतरी गायब व्हायची. विचारलं तर म्हणायची, पाय मोकळे करून आले. रेहुलिना म्हणाली, बघ, गुडघा कसा पळतोय.

शुक्रवारी भडका उडाला. वाटेत खायला पानात गुंडाळलेले गोड चिंपा वाफवायला ठेवले होते, पानांचा आणि गुळाचा वास घरभर झाला होता, आणि सासूबाईंनी पोट बिघडल्याचं सांगितलं.

"आठ वर्षं तूच माझं डोकं खाल्लंस," रेहुलिना म्हणाली. "मला पुन्हा डोंगर दाखवा, तिथून आपलं गाव दिसतं का ते मला बघायचंय, मरायच्या आधी एकदा तरी. आता गाडी आहे तर तुझी नाटकं. माझं काही चांगलं झालेलं बघवत नाही का गं तुला?"

सासूबाईंनी पानाचा डबा उघडला, सुपारी घेतली, डबा मिटला.  राकुत बाहेरच्या खोलीत होता, मध्ये नुसता पडदा. एक पाऊल टाकून पडदा सारला असता आणि एक वाक्य बोलला असता तर त्या बाईला हे ऐकावं लागलं नसतं. त्याला स्वतःची लाज वाटली. तरी तो बसूनच राहिला. थोड्या वेळाने सासूबाई लेकीला म्हणाल्या, "बरं, येते मी," आणि चिंपा उतरवायला उठल्या.

शनिवारी सकाळी सातला गाडी दारात उभी होती. रेहुलिना गॅस बंद केलाय का ते बघायला तिसऱ्यांदा आत गेली होती. राकुत स्टिअरिंगमागे बसून तळवे पँटला पुसत होता. मागचं दार सासूबाईंसाठी उघडं ठेवलेलं होतं. त्या खांद्यावर शाल घेऊन आल्या, उघड्या दारापाशी थांबल्या, ते दार त्यांनी लोटून दिलं आणि पुढून वळसा घालून त्या राकुतच्या शेजारच्या सीटवर येऊन बसल्या.

राकुत दाराला चिकटला. आठ वर्षांत या बाई कधी त्याच्या हाताच्या अंतरात आल्या नव्हत्या. त्यांच्या अंगाला येणारा पानाचा आणि कापराचा वास त्याला पहिल्यांदाच इतक्या जवळून येत होता. काय करावं ते न सुचून तो समोरच्या काचेकडे बघत राहिला. त्याही काचेकडेच बघत होत्या.

"गाडीबाई," सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या, "त्यांना सांग, हा मधला दांडा वर ओढला की तू थांबतेस, हे मी शिकून घेतलंय. समोरच्या तोमीच्या मिनीबसमध्ये रोज दुपारी बसून ओढून बघितला. आधी जोर पुरत नव्हता. आता पुरतो."

त्यांनी हँडब्रेकवर हात ठेवला. हाताच्या शिरा वर आल्या होत्या.

"आणि हेही सांग," त्या म्हणाल्या, "लिनाला मी काही बोलले नाही. बोलणारही नाही. शब्द दिलाय."

राकुतने त्या हाताकडे पाहिलं. ही बाई आठवडाभर लेकीच्या शिव्या खात होती, आणि तेवढ्याने भागलं नाही म्हणून आता त्याच्याबरोबर त्या वळणांवरून यायला निघाली होती, म्हातारा हात एका दांड्यावर ठेवून. 

रेहुलिना टोपली घेऊन बाहेर आली आणि फाटकातच थबकली.

"आई, हे काय? उतर आधी."

"मागे मला मळमळतं," सासूबाई म्हणाल्या.

समोर तोमीची बायको झाडू हातात धरून बघत उभी होती. गल्ली सगळी आमच्याच लोकांची. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट मावशीच्या गावापर्यंत जाणार होती. रेहुलिनाचा चेहरा लाल झाला. तिने खिडकीशी येऊन दबक्या आवाजात विचारलं की तुला वेड लागलंय का, जावयाच्या शेजारी बसून मावशीच्या दारात उतरणार आहेस का, माझी नाही तर त्यांची तरी लाज ठेव. सासूबाईंनी शाल डोक्यावरून घेतली, पण त्या जागच्या हलल्या नाहीत.

राकुतने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. किल्ली काढून समोरच्या फळीवर, दोघांच्या मध्ये ठेवली. मग तो उतरला, मागचं दार उघडलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसला.

रेहुलिना एकदा रिकाम्या स्टिअरिंगकडे आणि एकदा नवऱ्याकडे बघत राहिली.

"आता तुझं काय? गाडी कोण चालवणार?"

राकुतने सरकून तिला जागा केली.

"बसने जाऊ," तो म्हणाला. "पण आधी इथे बस, लिना. आईंना बोलू नकोस. मला तुला एक सांगायचंय."

ती टोपली मांडीवर घेऊन त्याच्याशेजारी बसली. तो परसातल्या त्या दुपारपासून सांगायला लागला. पुढे सासूबाई मागे वळून बघत नव्हत्या, पण त्यांचा हात अजून दांड्यावरच होता.