डोक्यावर उभी अक्षरं

शाळेतून निरोप आला तेव्हाच भिंगरीची आई धास्तावली. पहिलीच्या बाई उगाच कुणाला बोलावत नाहीत. तिने पेट्रोल पंपावरची पाळी बदलून घेतली. "मीही येतो," म्हणत सासरे तर चपला घालून आधीच दारात उभे. नवरा ट्रक घेऊन बाहेरगावी गेलेला, तेव्हा जे काय ऐकायचं ते या दोघांनीच.

बाई बोलायला गोड, पण आडपडदा न ठेवणाऱ्या. "पोरगी गुणी आहे," त्या म्हणाल्या, "पण एक अक्षर ओळखेल तर शपथ. फळ्याकडे बघून गप्प बसते. पाटीवर नुसत्या रेघोट्या. यंदा परत बालवर्गात बसवू या का?"

आईचा चेहरा खर्रकन उतरला. घरी नणंद तर असं काही ऐकायला टपूनच बसलेली होती. आणि त्याहून वाईट म्हणजे भिंगरी समोरच्याच बाकावर बसून सगळं ऐकत होती.

"असं कसं होईल?" सासरे म्हणाले. "मी रोज शिकवतो. सगळं येतं तिला."

आजोबांना नात हुशारच वाटणार, अशा नजरेने बाई हसल्या. आईला मात्र सासऱ्यांचा रागच आला. ती दमूनभागून घरी येईपर्यंत पाटी पुसून दप्तरात गेलेली असायची. 'अभ्यास झकास झाला' एवढंच काय ते तिच्या कानावर पडायचं. म्हाताऱ्याने लाडापायी पोरीचं वाटोळं केलं, असंसुद्धा तिच्या मनात येऊन गेलं.

"आधी कान बघू," बाई म्हणाल्या. "शब्दातले आवाज कानाला सुटे सुटे कळले नाहीत, तर अक्षर गिरवून हात दुखण्यापलीकडे काही होत नाही." त्यांनी पुस्तक मिटून बाजूला सारलं. "भिंगरी, कपाट म्हण. आता त्यातला क काढून टाक. काय उरलं?"

"पाट."

"टोमॅटो. टाळ्या वाजवत तोडून दाखव."

टो, मॅ, टो. टाळ्या चोख पडल्या.

"ताटाशी जुळणारं काहीतरी सांग."

"वाट. लाट. खाट. आजोबा घोरतात ती खाट."

बाई चक्रावल्या. "कान तर तिखट आहेत हिचे. मग गाडी अडते कुठे?" त्यांनी पाटी पुढे केली. "तुला हवं ते लिही."

भिंगरी जीभ बाहेर काढून बराच वेळ लिहीत बसली. आईने पाटी पाहिली आणि तिचा उरलासुरला धीरही खचला. कसलीशी वेटोळी, गळासारखे आकडे, आणि त्या सगळ्यांच्या खालून ओढलेल्या रेघा.

"बघा," बाई हळूच म्हणाल्या.

सासऱ्यांनी चष्मा सावरला. "काय बघायचं? 'आज आई घरी आहे.' बरोबर तर लिहिलंय."

बाईंनी पाटी अशी फिरवली, तशी फिरवली. मग त्यांचं बोट त्या रेघांवर थांबलं. "आजोबा, अक्षराची रेघ वर असते. हिने खाली काढलीय. पोरीने सगळी अक्षरं डोक्यावर उभी केलीत."

सासऱ्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. उभा जन्म त्यांनी छापखान्यात खिळे जुळवण्यात घालवला होता. खिळे म्हणजे शिशाचे, एकेका अक्षराचे ठसे. ते हातात धरून लावतात तेव्हा अक्षराचं डोकं खाली आणि पाय वर, शिवाय ठसा आरशातल्यासारखा, म्हणून पाटी फिरवूनही अक्षर सुलट होईना. छापखाना बंद पडला तेव्हा खोकंभर खिळे त्यांनी घरी आणले आणि त्यांच्यावरूनच नातीला शिकवलं. त्यांच्या डोळ्यांना उलटं काय नि सुलटं काय, दोन्ही सारखंच. नातीची पाटी ते रोज तपासत, आणि त्यात खोट म्हणून त्यांना दिसत नसे.

"माझीच अक्कल चरायला गेली होती," ते पुटपुटले.

बाईंना हसू आवरेना. "अहो, ही वाक्यं लिहितेय आणि मी हिला बालवर्गात पाठवायला निघाले होते. अक्षरं सरळ करायला थोडे दिवस जातील. पण ती इथेच राहील, पहिलीत."

आईला एकदम हलकं हलकं वाटलं. सासऱ्यांना सुनावायचं म्हणून मनात जमवलेलं सगळं ती विसरून गेली. तिने पाटी मांडीवर घेतली, पण तिला काही ती वाचता येईना.

"बाबा, काय लिहिलंय म्हणालात?"

त्यांनी परत वाचून दाखवलं. ऐकून तिचं समाधान झालं नाही. तिने पाटी भिंगरीसमोर धरली. "आता तू वाच."

भिंगरीने एकेका शब्दावर बोट ठेवत वाचलं. आईने डोळे पुसले आणि तिला परत वाचायला लावलं.