पाटलाचे बूट

हिशेब सरळ होता. पाटीलकी मिळाली तर हैबतीला चावडीत भिंतीला टेकून बसायची जागा मिळणार होती, होळीचा पहिला नारळ मिळणार होता, पोलादपूरचा फौजदार त्याला नावानिशी ओळखणार होता. आणि या सगळ्याहून गोड म्हणजे चुलतभाऊ महिपत जन्मभर जळत राहणार होता. गमवायचं म्हणाल तर काहीच नव्हतं.

जुना पाटील पावसाळ्यात वारला. जागेसाठी अर्ज दोघांचे, हैबतीचा आणि महिपतचा. माघात प्रांतसाहेब पोलादपूरला मुक्कामाला येऊन दोघांना पाहणार होते. या साहेबांची तऱ्हा अशी की घोडा मागे ठेवून ते डोंगरातल्या वाड्या पायी फिरत, आणि पलटणीत राहिलेला गडी बरोबर असला की त्यांची कळी खुले. हे कानावर आल्या दिवशीच हैबतीने माळ्यावरचे आपले बूट खाली काढले.

हे बूट तो जर्मन लढाई संपल्यावर पलटणीतून सुटून बसऱ्याहून पायात घालून आला होता. लग्नकार्याला, महाडच्या बाजाराला, घाट चढून महाबळेश्वरला, सगळीकडे तेच. वरचं कातडं अजून जमादारासारखं ताठ होतं. पण तळ पार झिजले होते आणि उजव्या बुटाने पुढून जबडा वासला होता.

महाडला जाऊन त्याने दुकानात नवे बूट पायात घालून पाहिले. चकाकत होते, कुरकुरत होते, पण वकिलाच्या पायातले वाटत होते. शिवाय नवे बूट कुणीही घेईल. महिपत तर दुसऱ्याच दिवशी घेईल. बसऱ्याचे बूट तो कुठून आणणार? हैबतीने दुकानदाराला रंग आवडला नाही म्हणून सांगितलं आणि जुन्यांना नवे तळ घालायचं ठरवलं.

ठरवणं सोपं होतं. गावात कातडंच नव्हतं, आणि महाडच्या बाजारातही मिळेना. त्याच साली महाडच्या तळ्यावर जाऊन महार पाणी प्यायले होते, त्यावरून मारामाऱ्या झाल्या होत्या, आणि तिथून परतलेल्यांनी मेलेली ढोरं ओढणं सोडून दिलं होतं. त्यावर गावाने त्यांचा रानातला लाकूडफाटा बंद केला. ही सूचना हैबतीची. चावडीत त्याने ती दोनदा बोलून दाखवली होती, कारण पहिल्या खेपेला कुणाचं लक्ष नव्हतं. आता गावकरी नाकाला उपरणं लावून आपली ढोरं आपणच कातड्यासकट पुरत होते, आणि चांगू चांभार नुसता बसून होता.

हैबतीची बायको तुळजाबाई हिने वाट सुचवली. मुरारी महाराकडे जुनं कमावलेलं कातडं पडून आहे, ते मागा. हैबतीने विचारलं, की मी त्याच्या दारात जाऊ?

"मग अनवाणी जा," तुळजाबाई म्हणाली. "मामंजी घाट अनवाणीच चढायचे. बुटापायी त्यांची झोप कदी उडाली नाय."

कार्तिकात हैबतीचा म्हातारा बैल गोठ्यात मेला. दुसरा कुणी असता तर घटकाभर मान खाली घालून बसला असता. हैबतीने बैलाकडे पाहिलं आणि त्याला दोन तळ दिसले. बैल पुरला असं गावात सांगून त्याने तो मुलांकरवी नाल्याच्या कडेला ओढवला आणि चांगूला बोलावणं धाडलं.

चांगू सावध माणूस. निकाल लागेपर्यंत तो हैबतीलाही पाटील म्हणे आणि महिपतलाही. काम ऐकून मात्र तो मागे सरला.

"कातडं आणून द्या पाटील, मी कमावतो. पण ढोर फाडणं आमच्यात चालत नाय. माझ्या पोरीचं, रखमाचं, लगीन बिरवाडीला ठरलंय. जातीला कळलं तर मोडंल."

"कळतंय कुणाला? तू सांगणार हायस?"

"वास सांगतो, पाटील."

हैबतीने आवाज खाली आणला. धमकी हळू द्यायची असते, हे तो पलटणीत शिकला होता. चांगूचं खोपटं कुणाच्या जागेत आहे, एवढंच त्याने विचारलं.  चांगू घरी जाऊन कातडं सोलायची रापी घेऊन आला.

हिरड्याच्या पाण्यात कातडं मुरलं. पौषाच्या अखेरीस बुटांना असे तळ बसले की खडकावर पाऊल टाकलं तर दगडाने जागा द्यावी.

माघात साहेब आले आणि दोघांना घेऊन डोंगर चढायला निघाले. महिपत अनवाणी, शेरडासारखा चढून सगळ्यांच्या आधी माथ्यावर पोचला आणि तिथे नुसता उभा राहिला. त्याच्याकडे कुणी पाहिलंच नाही. साहेबांची नजर बुटांवर होती. बसरा का, त्यांनी विचारलं. हैबतीने टाचा जुळवून सलाम ठोकला. साहेब हसले, एक पाय उचलायला लावून तळ पाहिला आणि हे काम कुणाचं म्हणून विचारलं.

"गावातच करून घेतलं, साब."

होळीच्या आधी पाटीलकीचा हुकूम आला. वासही तोवर बिरवाडीला पोचला होता. जात बसली, चांगूला वाळीत टाकलं, रखमाची सुपारी परत आली. तो चावडीच्या पायरीखाली येऊन उभा राहिला.

"बिरवाडीला चला, पाटील. पंचांना येवढंच सांगा, तुम्ही करायला लावलंत. पाटलाचा शबुद हाय, ऐकतील ते."

हैबतीने मनात आकडेमोड केली. गेलं तर मिळायचं काही नव्हतं. उलट पाटील स्वतःच्याच बैलाचं कातडं पायात घालून हिंडतो, हे चव्हाट्यावर येणार. महिपतला तर तेवढंच हवं होतं.

"जातीचं जातीनं बघावं, चांगू. सरकारी माणसाला त्यात पडता येत नाय."

चांगू आल्या वाटेने परत गेला. संध्याकाळी भाकरी वाढताना तुळजाबाई म्हणाली, "एका फेरीचं काम व्हतं. बूट तर व्हतेच पायात." हैबतीने कालवण मागितलं.

पावसाच्या आत चांगू बायकोपोरीला घेऊन मुंबईला गेला. आता जमा-खर्च पाहायचा तर असा: हैबतीला पाटीलकी मिळाली, महिपतला जन्मभराची जळजळ, साहेबांना घटकाभराची गंमत. बैल काय, तो मेलेलाच होता. चांगूचं घर आणि गाव गेलं. आणि रखमाला पुन्हा कुणी मागणी घातली नाही. सगळ्यांच्या वाटचं तिनेच भरलं; बूट दुरुस्त करावेत की नवे घ्यावेत, हे तिला कुणी विचारलं नव्हतं.