छातीतला चोरीचा माल

घाटनांदूरच्या मन्मथअप्पांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत पुण्याच्या डॉक्टरांनी स्टेंट बसवला, तेव्हा परदेशी माल नुकताच सगळीकडं मिळू लागला होता. स्टेंट म्हणजे तारेची बारीक जाळी. मिटून आत न्यायची, फुग्यानं फुलवायची, की रक्ताची वाट मोकळी. अप्पांना ही युक्ती इतकी आवडली, की दुकानात घागर घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकालाही ते आधी जाळीच समजावून सांगत.

पुढं उन्हाळ्यात पेपरात बातमी आली. जाळी फुलवायची ही रचना आमची, ती चोरली, असं म्हणत एका अमेरिकन कंपनीनं दुसरीला कोर्टात खेचलं होतं आणि पेटंटचा दावा जिंकला होता. हरलेल्या कंपनीचं नाव अप्पांनी दवाखान्यानं दिलेल्या जाळीच्या कार्डाशी ताडून पाहिलं. तेच होतं.

अप्पांचं भांड्यांचं दुकान. मोडीत आलेल्या तांब्यावर दुसऱ्याचं नाव कोरलेलं दिसलं तर ते घेत नसत, मग आणणारा सख्खा मेहुणा का असेना. आता चोरीचा माल थेट छातीत आणि त्याच छातीवर गळ्यातलं इष्टलिंग. त्यांनी एसटीडीवरून डॉक्टरांना फोन लावला आणि माल ज्याचा त्याला परत करायचाय म्हणाले. डॉक्टर म्हणाले, जाळी काढली तर परत करायला तुम्ही राहणार नाही.

अप्पांनी लिंग गळ्यातून काढून देव्हाऱ्यात ठेवलं. लिंगपूजेशिवाय ते अन्नाला शिवत नसत आणि पूजेला तर आता हात लावीनात. म्हणजे उपास. गोळ्या तेवढ्या घेत, कारण त्या देशी कंपनीच्या होत्या. त्यांच्या बायकोनं, जगदेवीनं, मठातल्या स्वामींना बोलावलं. सगळं ऐकून स्वामींनाही प्रकरण गंभीर वाटलं आणि ते चहा न घेता गेले.

दुसऱ्या दिवशी अप्पा भिंत धरून चालू लागले. जगदेवी घाबरली. रडू आलं ते तिनं चुलीपाशी उरकून घेतलं आणि त्यांच्यासमोर येऊन बसली.

"ती जाळी नसती तर तुमी आज असता का?"

"न्हाई."

"मग माझ्या कपाळाचं कुंकू बी चोरीचंच हाय. पुसू का?"

अप्पांनी तिच्या कपाळाकडं बघितलं. मग उठले, अंघोळ केली, लिंग तळहातावर घेऊन पूजा केली आणि ते पुन्हा गळ्यात घातलं. भाकरीला हात लावण्याआधी अमेरिका ज्या बाजूला असेल असं वाटलं, त्या बाजूला तोंड करून त्यांनी हात जोडले.

"माल तुमचाच हाय," ते म्हणाले. "पर ही जिती हाय तवर मिळणार न्हाई."