वळणावर अडकलेलं स्ट्रेचर

पासष्ट साल, लढाईचे दिवस. बंगळुरातल्या त्या मोठ्या सरकारी इस्पितळात दर महिन्याला तालीम व्हायची: बॉम्ब पडलाय, रुग्णांना खाली आणा! वरच्या मजल्यावरून अंगणात, फक्त सात मिनिटांत. मोठे डॉक्टर विश्वासराव खाली घड्याळ धरून उभे राहत आणि खूश होत.

त्या सात मिनिटांचं गुपित कस्तुराबाईला ठाऊक होतं. ती वरच्या हाडांच्या वॉर्डातली आया, चिकपेटची, तोंडाने फटकळ. जिन्याचं वळण इतकं अरुंद की तिथे स्ट्रेचर वळतच नसे. मग रुग्ण बनलेला माळी यल्लाप्पा टुणकन खाली उतरायचा, चार पायऱ्या चालायचा आणि पुन्हा निजायचा! वॉर्डातल्या बावीस बायकांपैकी एकीलाही पाऊल टाकता येत नव्हतं. कस्तुराबाईने दोनदा सांगून पाहिलं, पण आयाचं ऐकतो कोण?

या खेपेला विधानसौधातले बडे सरकारी पाहुणे येणार होते. बाईने यल्लाप्पाला कॉफी देऊन बाजूला बसवलं आणि स्वतःच स्ट्रेचरवर आडवी झाली. गळ्यात पाटी होती, 'दोन्ही पाय मोडलेले'.

वळणावर स्ट्रेचर अडकलं.

"अक्का, स्वल्प उतरा की," वॉर्डबॉय शिवाप्पा म्हणाला.

"कशी उतरू? पाय मोडलेत माझे."

"खोटे खोटे मोडलेत हो!"

"पाटीवर तसं लिहिलंय का?"

शिवाप्पाला घाम फुटला. सात मिनिटं गेली, बारा गेली. आता आपली नोकरी जाणार, हे बाईला दिसत होतं, आणि घरात मिळवतं दुसरं कुणी नव्हतं. तरी ती जागची हलली नाही.

विश्वासराव तणतणत वर आले, मागोमाग पाहुणे. "उठा! काय तमाशा लावलाय?"

"मी उठेन हो साहेब. वरच्या बावीसजणींना उठायला सांगून या आधी."

डॉक्टरांनी शिवाप्पाला बाजूला सारून दांडी स्वतः धरली. स्ट्रेचर तिरकं केलं, उभं केलं. बाई पडता पडता वाचली, पण स्ट्रेचर काही वळेना. मग डॉक्टर घड्याळ खिशात टाकून म्हणाले, "माझं खालचं ऑफिस वर हलवा. तळमजल्यावर हाडांचा वॉर्ड होईल."

दुसऱ्या दिवशी पहिल्या म्हातारीला चादरीच्या झोळीत घालून चौघांनी उचललं. एक कोपरा विश्वासरावांच्या हातात होता. वळण आलं तशी कस्तुराबाई म्हणाली,

"सावकाश, साहेब. हिचे खरे मोडलेत."